पार्श्वगायन : एक कुलीन गृहिणी

बहात्तरच्या दुष्काळात उदगीरकडच्या एका माळावर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा गौरम्मा चौदा वर्षांची होती. सकाळी हजेरी घ्यायला व्यंकटराव नावाचे कारकून सायकलवर यायचे. नावाचं शेवटचं अक्षर ते असं ताणायचे की वाटावं, मोटेचा बैल मागं मागं सरतोय. ‘सरजाबाईईई...’ आणि बाईनं ओ द्यायच्या आत स्वतःच पुढं, ‘न्हाई आली? गैरहजर लावू? लावतो बगा.’

सरजाबाई समोर दोन हातांवर बसलेली असायची. ‘आवो सायेब, तुमी उभं हायसा ती खडी माजीच हाय,’ ती म्हणायची. व्यंकटराव आधी पायाखाली बघायचे, मग मस्टरमध्ये बघायचे आणि ‘बरं, हजर’ असं उपकार केल्यासारखं म्हणायचे.

त्यांची सायकल उताराला लागली की तीच हजेरी गौरम्माच्या तोंडून पुन्हा सुरू व्हायची. आवाज तोच, नाकातला सूर तोच, मध्येच वहीचं पान उलटताना जिभेला बोट लावल्याचा चट्ट आवाजही तोच. ‘हीऽऽर... न्हाई आली? गैरहजर लावू? पाऊऊऊस...’ आणि सगळी रांग एका सुरात म्हणायची, ‘गैरहजर, सायेब.’

त्या रांगेत गौरम्माच्या एका बाजूला सरजाबाई, जयभीमवाल्यांच्या वस्तीतली, आणि दुसऱ्या बाजूला पाटलाची सून. गौरम्मा लिंगायताची. एरवी ह्या तिघी एका पाणवठ्यावर दिसल्या नसत्या. पण त्या साली दुष्काळानं पाणवठाच ठेवला नव्हता.

खडी फोडताना गायची एक रीत होती. धूळ जाऊ नये म्हणून नाकातोंडावर पदर बांधायचा आणि त्याच्या आडून ओवी म्हणायची. ओवीचा एक तुकडा झाला की हातोडा मारायचा आणि छातीत उरलेला वारा ‘हं’ करून सोडायचा. पण हातोड्याबरोबर नाही. हातोडा दगडाला लागून गेल्यावर, अर्ध्या मात्रेनं. ठोक्याबरोबर सोडला तर दुपारपर्यंत बरगडी भरून येते. हे कुणी शिकवत नाही, पहिल्या आठवड्यात बरगडीच शिकवते. त्यामुळं नवीन माणूस डोळे मिटूनही ओळखू यायचं. त्याचा ‘हं’ टाळीसारखा ठोक्यावर पडायचा. मुरलेल्याचा जरा मागून यायचा.

गौरम्माची ओवी सगळ्या माळाला पाठ झाली होती.

*दगडाच्या पोटी पाणी, म्हातारे सांगती,*
*फोडू फोडू थकले हात, कोरडीच माती.*

मुकादम खडीचे ढीग मापायला आला की बायांना विचारायचा, ‘गाणारी कोण हाय तुमच्यात?’ तोंडं सगळ्यांचीच बांधलेली. ‘कुणी न्हाई, सायेब. माळच गातोय,’ सरजाबाई सांगायची.

चार वर्षांनी गौरम्माचं लग्न लातुरात ठरलं. नवरा बसवंत, गंजगोलाईजवळ भांड्यांचं दुकान, सासरा शंकरप्पा. शंकरप्पांना पोरगी पसंत पडली, फक्त एक गोष्ट पसंत पडली नाही आणि ती त्यांनी लग्नाच्या याद्या करतानाच सांगितली. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची आणि वाक्य संपलं की ‘कळ्ळं का’ म्हणायची त्यांना सवय होती. ‘हूंम्. खडी ह्यो शबुद आमच्या घरात निघाय नाई. कळ्ळं का. हूंम्. कुणी इचारलं तर वडील त्या कामावर ठेकेदार होते. कळ्ळं का.’

गौरम्माच्या वडलांना कळलं. ते आयुष्यात पहिल्यांदाच ठेकेदार झाले होते, त्यामुळं लग्नात जरा ताठ बसले. लातुरात ही बातमी हातोहात वाढत गेली. वर्षभरात गौरम्माचं माहेर तीन तलाव आणि एका पुलाचं ठेकेदार झालं होतं. शेजारचे आडत व्यापारी गुरुपादप्पा विचारायचे, ‘काय शंकरप्पा, तुमच्या सोयऱ्यांनी नवीन काम काय धरलं म्हणं?’ शंकरप्पा खाकरायचे.

शंकरप्पांच्या डाव्या अंगठ्याचं नख चपटं आणि काळं होतं. दुकानाच्या फळ्या लावताना सापडलं, असं ते सांगत. दुष्काळात भांडी कोण घेणार, म्हणून तेव्हा त्यांनी दुकान सात महिने बंद ठेवलं होतं आणि हदगावच्या पाहुण्यांकडं जाऊन राहिले होते. सासूबाई रत्नम्मा त्याला हवापालट म्हणत. हवापालटाला हदगावला गेलेला लातुरातला दुसरा माणूस कुणी ऐकला नव्हता. पण रत्नम्मांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

गौरम्मा स्वैपाकघरात सासऱ्याचं खाकरणं करायची. रत्नम्मा चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून हसायच्या आणि म्हणायच्या, ‘अय्यो, साकु गं, पुरे, ते ऐकतील.’ खाकरणं इतकं हुबेहूब होतं की एकदा बाहेरून बसवंत ‘आलो, अप्पा’ म्हणत आला.

मठातल्या भजनात ती गायची, त्याला हरकत नव्हती. श्रावणातल्या एका सोमवारी नांदेडच्या नाटक कंपनीचा केरबा मठाबाहेर चप्पल शोधत होता. केरबा मूळचा कंधारचा, पेटी वाजवायचा, चाली लावायचा आणि मालकाच्या गैरहजेरीत मालकही व्हायचा. कंपनीची नटी उमाबाई. तिला बघायला माणसं गाडीवानासकट येत आणि ती गायला लागली की गाडीवानासकट उठत. मठातला आवाज कानावर पडला आणि केरबा चप्पल विसरून आत आला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन बसला. ‘शंकरप्पा, तुमच्या सूनबाईची आवाज म्हणजे... आता काय सांगू मालक, माझी तबियतच हलली. आमाला फकस्त आवाज पायजे. माणूस तुमच्या घरीच राहू द्या.’

‘हूंम्. माणूस घरी आन् आवाज नाटकात? त्यो कसा?’

‘पडद्यामागं बसतील. पुढं उमाबाई नुसतं तोंड हालवंल. पिक्चरात न्हाई का तसंच असतंय, मालूम हाय का तुमाला? नटी एक, गळा दुसरीचा.’

शंकरप्पा बराच वेळ एका घागरीला बोटानं वाजवत बसले. पडद्यामागं माणूस कुठं असतं, तिथं दोऱ्या असतात, पेट्या असतात. आणि बसवंतचंही मन होतं. शेवटी त्यांनी कबूल केलं. बसवंतनं बरोबर जायचं. तोंड दिसायला नको. आणि नाव कुठंही यायला नको. ‘नाव आलं की लोक गाव इचारतेत. गाव कळलं की तितं जाऊन येतेत. कळ्ळं का.’

केरबाला कळलं. पण हँडबिलात काहीतरी छापणं भाग होतं. रात्रभर विचार करून त्यानं छापलं, ‘पार्श्वगायन : एक कुलीन गृहिणी’.

गौरम्माचं खरं कसब गळ्यात नव्हतं, कानात होतं. उमाबाईचं बोलणं संपतं कुठं आणि गाणं सुरू होतं कुठं, तो सांधा ती दिसू द्यायची नाही. उमाबाई शेवटचा शब्द ज्या सुरात टाकायची, त्याच सुरातून ती उचलायची. उमाबाई नाकात बोलली तर ही नाकात. उमाबाई धापा टाकत आली तर ही पहिल्या ओळीला धाप लावायची. इस्लापूरला ऐन नाटकात केरबानं पेटीवरनं मान वळवून विचारलं, ‘तुमाला पडसं झालं काय?’

‘मला न्हाई, बाईंना झालंय,’ गौरम्मा म्हणाली आणि पुढचं कडवं तसंच चोंदलेल्या नाकानं गायली. इस्लापूरच्या लोकांनी उमाबाईला दोन दिवस सुंठ पाठवली.

तिच्या गुणगुणण्यातली खडीवरची ओवी केरबानं ऐकली. कुठली आहे ते गौरम्मानं सांगितलं नाही. त्यानं चाल तशीच ठेवली आणि शब्द नाटकाला जमतील असे बदलले.

*साजणाच्या पोटी माया, लोक सांगती,*
*वाट पाहून थकले डोळे, कोरड्याच राती.*

ओळ तुटते तिथं थोडी मोकळी जागा राहायची. तिथं पेटी वाजवू नका, इतकंच गौरम्मा म्हणाली. ह्या गाण्यानं कंपनी हदगाव, कंधार, किनवट अशी तीन वर्षं फिरली. लोक कुलीन गृहिणीवर पैजा लावू लागले. ‘कलेक्टरची बायकू हाय ती.’ ‘न्हाई रं, डॉक्टरीन हाय. आवाज बग की, किती धुतलेला हाय.’ पडद्यामागं कलेक्टरची बायको चहात पाव बुडवून खात सगळं ऐकायची आणि बसवंतला त्या दोघांचे आवाज काढून दाखवायची.

पण एक गोष्ट तिला बोचायची. ती चौथी शिकली होती, हँडबिल वाचता यायचं. त्यात सगळ्यांत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘पडदे : सटवाजी’. सटवाजी दोरी ओढायचा. तो दोरी ओढायचा आणि ती गायची, दोघं एकाच खोक्यावर बसायचे. गावोगावची पोरं त्याला ‘ओ सटवाजी’ म्हणून हाक मारायची. तिला हाक मारायला कुणाकडं काही नव्हतं.

एकदा ती सासऱ्याला म्हणाली, ‘मामंजी, सटवाजीचं सुद्धा नाव हाय.’

‘हूंम्. सटवाजीला सोयरे न्हाईत,’ शंकरप्पा म्हणाले.

एक्याऐंशी साली नांदेडच्या प्रयोगाला मुंबईचे एक संगीतकार आले. त्यांना म्हणे चित्रपटासाठी खेड्यातली चाल पाहिजे होती. ते ‘अहाहा’ म्हणून मग ‘म्हणजे काय आहे बघा’ म्हणायचे आणि काय आहे ते सांगायचेच नाहीत. त्यांनी चाल घेतली, आणि केरबा अडून बसला म्हणून गळाही घेतला. बसवंत आणि गौरम्मा मुंबईला जाऊन चौथ्या दिवशी परत आले. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेमागं माणसं होती आणि अलीकडं चाळीस वाजवणारे. ओळ तुटली की ढोलकीवाला मोकळी जागा भरून टाकायचा. गौरम्मानं गाणं थांबवलं.

‘तितं काई वाजवू नका.’

‘अहो बाई, का पण? मात्रा रिकामी जातेय,’ संगीतकार म्हणाले. ‘म्हणजे काय आहे बघा, तिथं काय आहे नक्की?’

तिथं हातोडा होता. पण तो शब्द याद्यांच्या दिवशीच कुलपात गेला होता. ‘तितं दम घ्यायचा आसतोय,’ ती म्हणाली. चाळीस जणांनी ती जागा सोडली.

पुढच्या साली ऑगस्टात रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. टाइप केलेलं, दोन ओळींचं. गायिकेचं नाव कसं छापायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सहीनं महिनाअखेर कळवावं. न कळवल्यास ‘आणि सहकारी’ असं छापण्यात येईल.

बसवंतनं ते वाचून दाखवलं. शंकरप्पा म्हणाले, ‘हूंम्. कुलीन गृहिणी लिव की.’

‘अप्पा, रेकॉर्डवर तसलं छापत न्हाईत.’

‘मंग सहकारी बरं हाय. सहकाराला आजकाल लई मान हाय. कळ्ळं का.’

गौरम्मा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. पत्र देवळीत गेलं, आणि रोज झाडताना ती बघायची, तिथंच आहे का ते. महिना संपायला दिवस राहिले होते चौदा, मग तेरा.

त्याच आठवड्यात लातूर जिल्हा झाला. आता उस्मानाबादच्या चकरा संपल्या म्हणून वकिलांपासून हमालांपर्यंत सगळे खूश होते. व्यापाऱ्यांनी मैदानात मांडव घालून भर दुपारी करमणुकीचा कार्यक्रम ठेवला आणि नांदेडची कंपनी बोलावली. शंकरप्पा स्वागत समितीत होते. समितीच्या खुर्च्या स्टेजवरच, डाव्या अंगाला, पडद्याला लागून मांडल्या होत्या. पडद्याच्या ह्या बाजूला शंकरप्पा आणि गुरुपादप्पा फेटे बांधून, त्या बाजूला हातभर अंतरावर खोक्यावर गौरम्मा. मध्ये नुसतं कापड.

खेड्यापाड्यांतून ट्रकांनी माणसं आली होती. उमाबाई पुढं आली, बोलली, तोंड उघडलं, आणि गौरम्मानं सांधा जोडला. ‘साजणाच्या पोटी माया...’

ओळ तुटली. मोकळ्या जागेत लांबून, मांडवाच्या अगदी मागून, आठ-दहा बायकांचा आवाज आला. ‘हं.’

गौरम्मा पुढं गेली. ‘लोक सांगती...’ आता शंभरेक होते. ‘हं.’ सगळे अर्ध्या मात्रेनं मागं, एकही ठोक्यावर नाही. दहा वर्षांपूर्वी ह्या मुलखातलं अर्धं माणूस कुठल्या ना कुठल्या कामावर होतं, बरगडीनं शिकलेलं ते विसरलं नव्हतं. दुसऱ्या कडव्याला सगळं मैदान दम सोडत होतं. मागून सरजाबाईचा आवाज आला, तसाच, जरा फाटलेला. ‘आगं, ही तर आपली गवरी हाय. खडीवरची.’ आणि ते ‘खडीवरची गवरी’ माणसामाणसांतून पुढं पुढं येत स्टेजला लागलं.

गुरुपादप्पांनी विचारलेलं तिला कापडातून स्पष्ट ऐकू आलं. ‘शंकरप्पा, खडीवरची म्हंजे? आन् हे हं हं काय लावलंय लोकांनी?’

‘मला काय ठावं,’ शंकरप्पा म्हणाले. खाकरले नाहीत.

गाणं सोडता येत नव्हतं, पुढं उमाबाईचं तोंड उघडं होतं. गौरम्मा गात राहिली, पण कान कापडाला लावलेला. पुढची ओळ तुटली तेव्हा गुरुपादप्पांनीही हौसेनं एक ‘हं’ टाकला. बरोब्बर ठोक्यावर, टाळीसारखा. आणि त्याच्या मागून, अर्ध्या मात्रेनं, दुसरा आला. खोल, बसका, सुरुवातीला किंचित खरखर असलेला. सहा वर्षं स्वैपाकघरात ती ज्या गळ्याची नक्कल करत होती त्याच गळ्यातला. परत ओळ तुटली. परत तोच, तिथंच. माणसाला आपण करतोय हे माहीतही नसावं इतका सहज.

सटवाजीनं दोरी धरूनच तिच्याकडं बघितलं. ‘काय झालं, वैनी?’

तिनं मान हलवली आणि शेवटची ओळ घेतली.

त्या संध्याकाळी रत्नम्मांनी दोनदा उगाच भांडी लावली. सकाळी शंकरप्पा ओसरीवर बसले होते. गौरम्मानं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि उभी राहिली.

‘हूंम्. गुरुपादप्पा इचारणार आता,’ ते कपाकडं बघून म्हणाले. ‘तीन तलाव, एक पूल. काय सांगू त्याला? म्हनून म्हनलं होतं, नाव नको.’

गौरम्मानं डोक्यावरचा पदर नीट केला. मग हलकेच एक ‘हं’ केला. बसका, खरखरीचा, अर्ध्या मात्रेनं मागून.

शंकरप्पांनी वर बघितलं. सुनेनं आपला आवाज काढलेला त्यांनी आजवर कधी ऐकला नव्हता. ‘कवा ऐकलंस?’

‘काल. डावीकडनं दुसरी खुर्ची.’

‘गुरुपादप्पाचा आसंल.’

‘त्यांचा ठोक्यावर पडतोय, मामंजी.’

ते डाव्या अंगठ्याचं नख उजव्या हातानं चोळत बसले. आतून रत्नम्मांचा भांड्यांचा आवाज थांबला होता. चहावर साय धरली.

‘हदगावच्या अंगाला रस्त्याचं काम होतं,’ ते म्हणाले. ‘सात महिने. मस्टरवर नाव खोटं दिलतं. कुणी वळकू नये म्हनून. रोज कारकून नाव पुकारायचा आन् मला कळायचंच न्हाई, मलाच पुकारून राहिलाय म्हनून. मी आपला समोर बसलेला, हातात हातोडा. पयल्या आठवड्यात तीन रोज गैरहजरी लागली.’

‘काय नाव दिलतं?’

त्यांनी आठवून बघितलं. ‘आता याद न्हाई,’ ते म्हणाले.

मग त्यांनी बसवंतला हाक मारली, पत्र आणि दौत मागितली. बसवंत लिहायला बसला तर त्याला उठवलं. स्वतः गुडघ्यावर पाटी घेऊन, तिच्यावर कागद ठेवून, मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला. खाली सही केली. मग कागद तिच्यापुढं धरला. ‘वाचून बग. तुज्याच नावाचा हाय का?’

‘गौरम्मा’ असं होतं. मकाराला मकार नीट जोडलेला.

दिवाळीत रेकॉर्ड आली. शंकरप्पांनी दुकानात फोनो मांडला आणि गिऱ्हाइक असो नसो, ती लावायला सुरुवात केली. गुरुपादप्पांनी एकदा दारात थांबून विचारलंच, ‘मंग सोयरे ठेकेदार न्हवं?’ शंकरप्पा म्हणाले, ‘ठेकाच होता. त्यांच्याकडं खडीचा, माज्याकडं रस्त्याचा. कळ्ळं का.’ गुरुपादप्पांना कळलं नाही, ते घरी जाऊन विचार करत बसले असावेत.

रेकॉर्डवर ओळ तुटली की घागरींच्या मधून एक ‘हं’ येतो. दुकानातल्या नोकराला वाटतं मालकाच्या छातीत कफ आहे, म्हणून तो येता-जाता गल्ल्याजवळ ज्येष्ठमधाची काडी ठेवतो. शंकरप्पा ती चघळतात आणि सुई उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवतात.